दहावीतल्या मुलासाठी ऑनलाइन नेमकं काय घ्यावं? (ठाणे-नवी मुंबईकर, सल्ला हवा)

घणसोलीचे_डबे
नमस्कार मंडळी. मुलगा यंदा दहावीत, सेमी इंग्रजी. मी घरून डबे देते, हे महापे एमआयडीसीत शिफ्टला. परवा एका शिकवणी-ॲपचा माणूस घरी येऊन दोन तास ठाण मांडून बसला. टॅब, टेस्ट सिरीज, 'करिअर रिपोर्ट', सगळं हप्त्यावर. "ताई, आजच सही केलीत तर सवलत" म्हणाला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. सही केली नाही. पण मग करायचं काय? घरात एकच जुना लॅपटॉप. मुलाला विचारलं पुढे काय, तर म्हणतो "बघू".

खाडीकाठ
सही केली नाहीत हे झकास. आमचे हप्ते अजून चालू आहेत. टॅबवर लेक सिरियल बघते.

नौपाड्याचे_मास्तर
ताई, 'बघू' म्हणणाऱ्या मुलाला आळशी समजू नका. त्याने कामंच पाहिलेली नसतात. डॉक्टर, इंजिनिअर आणि टीव्हीवरचा पोलीस, संपली यादी.

तेव्हा आधी यादी लांबवा. २०२० साली राज्य सरकारने युनिसेफच्या मदतीने नववी ते बारावीसाठी महाकरिअर पोर्टल काढलं. अभ्यासक्रम, कॉलेजं, शिष्यवृत्त्या, प्रवेश परीक्षा एका जागी. लॉगिनला सरल आयडी, म्हणजे सरकारी नोंदीतला विद्यार्थ्याचा क्रमांक, लागतो. तो शाळेतून मिळतो. मुलाला एकट्याला बसवू नका. तुम्ही पोळ्या लाटताना त्याला मोठ्याने वाचायला सांगा. कुठल्या कामापाशी तो पुढचं पान उघडतो, तेवढं लक्षात ठेवा.

मग त्यातलं एखादं काम हाताने करून बघू दे. यासाठी माझी आवडती जागा म्हणजे आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल. दहाएक मिनिटांचे धडे, बरेचसे मराठी आवाजात, आणि फुकट. लिब्रेऑफिसमधले हिशेबाचे तक्ते, चित्रांसाठी गिम्प, प्रोग्रॅमिंगसाठी पायथन, बरंच काही. सॉफ्टवेअरही फुकटच. अट एकच: धडा अर्ध्या पडद्यावर, उरलेल्या अर्ध्यावर स्वतः तेच करायचं, थांबवत थांबवत. नुसतं बघितलं तर पोहण्याचा व्हिडिओ बघून तलावपाळीत उडी मारल्यासारखं होईल. जुन्या लॅपटॉपवर हे आरामात चालतं.

विज्ञानासाठी ओलॅब्स ही ऑनलाइन प्रयोगशाळा आहे, अमृता विद्यापीठ आणि सीडॅकने केलेलं. शाळेतल्या प्रयोगशाळेला कुलूप असेल तर तेवढाच आधार. (आमच्या वेळी प्रयोग फळ्यावरच व्हायचे, असो.)

खाडीकाठ
मास्तर, त्या 'करिअर रिपोर्ट'चं काय? आमच्या लेकीला 'नेतृत्वगुण' निघालेत. घरात तर रोज दिसतात.

नौपाड्याचे_मास्तर
पाव तासात भविष्य सांगणारी चाचणी म्हणजे पिंजऱ्यातला पोपट. कल चाचणी करायचीच तर समुपदेशक समोर बसून निकाल समजावतो तिथे करा, ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. आणि निकाल आला तरी तो एक मत म्हणूनच घ्या.

ऐरोली_डिग्री_तिसरं_वर्ष
काकू, मी डिप्लोमा करून थेट इंजिनिअरिंग डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला आलो. हा रस्ता दहावीनंतर लगेच सुरू होतो, म्हणून पॉलिटेक्निकचे प्रवेशही आत्ताच समजून घ्या. कुणी सांगत नाही.

अकरावी सायन्स केलं तर सीईटी, म्हणजे बारावीनंतरची राज्याची प्रवेश परीक्षा. पीसीएमला २०० गुण: फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न एकेका गुणाचे, गणिताचे ५० दोन-दोन गुणांचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. जेईईला कापतात, तिथली सवय वेगळी. परीक्षा संगणकावरच असते. माझा मित्र वहीवर पक्का होता, पण स्क्रीनवर प्रश्न वाचून कागदावर गणित करून परत माऊसकडे येताना गडबडला. म्हणून सराव पहिल्यापासून स्क्रीनवर. आत्ता मात्र सीईटीचं नावही काढू नका. गणित कच्चं असेल तर खान अकादमीचे फुकट ऑनलाइन धडे, कच्चा धडा सातवीचा असला तरी तिथूनच सुरू करायचं. लाज वाटते, पण उपयोग होतो.

कळवा_कारशेड
कागदपत्रं विसरू नका! अधिवास आणि उत्पन्नाचा दाखला लागणार असेल तर 'आपले सरकार' पोर्टलवर आत्ताच अर्ज टाका, निकालानंतर झुंबड उडते. अकरावीचा अर्जही ऑनलाइन. पसंतीक्रम भरताना जपून: पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की तिथेच प्रवेश घ्यावा लागतो. आम्ही 'बघू तरी लागतंय का' म्हणून लांबचं कॉलेज वर टाकलं. लागलं. दोन वर्षं पोराने सकाळी सहाची लोकल पकडली.

घणसोलीचे_डबे
सगळ्यांचे आभार, महिनाभराने लिहितेय. पोर्टलवर बाकी सगळं भराभर ढकललं, पण अकाउंट्स आणि माल-वाहतुकीपाशी बराच वेळ थांबला, मी पोळी उलटवता उलटवता बघितलं. मग मास्तरांचं ऐकून हिशेबाच्या तक्त्याचे धडे लावले. रोज एकच, जेवणानंतर. आता माझ्या डब्यांची वही त्याने लॅपटॉपवर चढवलीय: कोणाचे किती डबे, कोणी पैसे थकवलेत. दोन गिऱ्हाईकांकडे माझे गेल्या दिवाळीपासूनचे पैसे अडकलेत हे त्यातून कळलं!

मास्तर, एक अडलंय. रविवारी सुट्टी असते, तरी तक्ता सातही दिवसांचे डबे धरतो. रविवार कसा वगळायचा ते कुठल्या धड्यात आहे? तो स्वतः विचारायला लाजतोय.