चौथीच्या पोरांना ‘डिझाइन’ शिकवायचं, की आधी हातच्याची वजाबाकी?

कृष्णाकाठ (सांगली)
मुलगी चौथीत आहे. शाळेने ‘पूल बनवून आणा’ म्हणून सांगितलं. दुकानात थर्माकोलचा जवळजवळ तयार पूल मिळाला. रंग मी दिला, गुण तिला पडले. आयर्विन पुलावरून ती रोज जाते, पण हा पडत का नाही, असा प्रश्न तिला कधी पडला नाही. आम्ही पडूच दिला नाही.

मग एका रविवारी घरीच मांडामांड केली. दोन स्टुलांत एक फूट अंतर, वर्तमानपत्राची दोन पानं, डिंक नाही, चिकटपट्टी नाही. नुसतं पान टाकलं तर नाणी ठेवायच्या आधीच पोटात खचलं. पंख्यासारख्या घड्या घातल्या, तर सतरा नाणी पेलली. पुढच्या खेपेला घड्या बारीक केल्या आणि पानही दुहेरी घेतलं, चाळीसवर गेली. कशामुळे गं, म्हणून विचारलं तर गप्प. थोड्या वेळाने म्हणाली, “एका वेळी एकच बदलायला पाहिजे होतं.”

बोस्टनच्या विज्ञान संग्रहालयाने २००३ मध्ये प्राथमिक शाळांसाठी यावरच, म्हणजे वस्तू करून बघायची आणि सुधारायची अशा ‘डिझाइन’वर, अभ्यासक्रम सुरू केला. त्यात पायऱ्या पाच: विचारा, कल्पना लढवा, आराखडा करा, बनवा, सुधारा. आपल्याकडे ‘बनवा’ झालं की गुण देऊन वस्तू कपाटावर जाते. दुसऱ्यांदा करायला कुणी सांगतच नाही. तेवढी एक पायरी शाळेत यावी, एवढंच म्हणणं आहे.

खडूफळा (जत, झेडपी शिक्षक)
ताई, तुमच्याकडे एक मुलगी, दोन स्टुलं आणि एक रविवार आहे. आमच्याकडे चार वर्ग, दोन शिक्षक. मी तिसरीला वजाबाकी देतो तोवर चौथीवाले खिडकीतून शेरडं मोजतात. काहींना अजून जोडाक्षर वाचता येत नाही.
आणि नवा उपक्रम आला की सगळ्यात आधी काय मागतात, माहितीये? फोटो. पोरांनी खरंच केलं का, हे कोणी विचारत नाही. शेवटी पेपरात प्रश्न येणार, ‘पाच पायऱ्या क्रमाने लिहा.’ पोरं धडाधड लिहितीलही.

लेथवाला (कुपवाड)
गुरुजींचं बरोबर हाय. माझ्याकडं कामाला आलेली पोरं पट्टी शून्याऐवजी एकवर लावून मोजत्यात. कल्पना लढवणारे लई झालेत, मापात काम करणारा सापडत नाही.

कृष्णाकाठ
दादा, पट्टी चुकीची लावली हे त्या पोराला कळणार कधी? तुकडा जागेवर बसला नाही की. वहीत नुसती लाल रेघ येते, आणि ती बाईंची असते.

लेथवाला
हां, तेवढं खरं. माझ्याकडं मात्र तो तुकडा पाचशे रुपयांचा असतो.

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)
यात नवीन काय आहे? दिवाळीचा किल्ला विसरलात होय? दगडविटांचा ढीग, वर पोतं, पोत्यावर चिखल. काळी माती थापली की वाळल्यावर भेगा. मग पुढल्या साली लाल माती शोधायची. अळीव पेरायला उशीर झाला की ऐन दिवाळीत गड बोडका. मोठ्यांनी हात घातला नाही म्हणून हे सगळं आलं. शाळेत नेलंत की त्याचाही तक्ता होणार. माझा तर सरळ विरोध आहे.

पलूसचा
आजोबा, आता किल्ला तयार मिळतो, प्लास्टरचा, मावळ्यांसकट. अंगणच नाही तर करणार कुठे? उरली शाळा.
आणि एक. किल्ला असो की कागदी पूल, त्याच्यावाचून कुणाचं अडलेलं नसतं. पहिली पायरी ‘विचारा’ आहे, म्हणजे कुणाची काय अडचण आहे ते आधी विचारा. आमच्या शेजारची किर्लोस्करवाडी १९१० ची. लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर केला, तर शेतकरी म्हणाले, लोखंडानं जमिनीला विष लागतं. नुसता नांगर चांगला असून भागलं नाही, त्या माणसांशी बोलावं लागलं. पुढे कर्मवीर भाऊराव पाटीलही ते नांगर विकत हिंडले. थर्माकोलच्या पुलाला कोण असं उलटं बोलणार?

खडूफळा
हे वाचून एक आठवलं, सांगायला जरा लाज वाटते. खिचडीनंतर ताटं धुतात तिथं नळापाशी कायम राड. मागं चौथीच्या चार पोरांनी आपणहून चर खणला. पाणी बाहेर जायचं सोडून वर्गाच्या पायरीशी आलं. मी ओरडलो आणि चर बुजवायला लावला.

कृष्णाकाठ
गुरुजी, दुसऱ्यांदा खणू दिला असता तर?

खडूफळा
तेच डोक्यात आलं. पण उतार कुठल्या बाजूला आहे, ते डोळ्याला दिसत नाही तिथं. मलाही नाही दिसत.

लेथवाला
गवंड्याचा लेव्हल पाइप असतो की. पारदर्शक नळी, आत पाणी भरायचं, दोन्ही टोकांना पाणी सारख्याच उंचीवर उभं राहतं. तिथून खाली जमिनीपर्यंत मोजायचं, जिथं माप जास्त तिकडं उतार. जतच्या गाडीत ठेवून देतो. पण मापं पोरांनाच घेऊ द्या, आणि पट्टी शून्यापासून.

खडूफळा
द्या पाठवून. शनिवारी लावतो पोरांना. फोटो मात्र काढणार नाही.