मदत हवी आहे: सहा फुटांचे अंतर राखून मनोरंजन उद्यान सुरू करायचे, तर दिवसाची तिकिटे किती ठेवावीत?

चक्रपाळणा (१८ ऑक्टोबर २०२१)

नमस्कार. पश्चिम महाराष्ट्रातील एका मध्यम आकाराच्या मनोरंजन उद्यानात मी राइड विभागाचे काम पाहतो. करोनामुळे मार्च २०२० पासून आमचे फाटक बंद आहे. येत्या २२ तारखेपासून राज्यातील मनोरंजन उद्यानांना परवानगी मिळाल्याचे आज जाहीर झाले. पाण्याचे खेळ मात्र बंदच राहणार आहेत. हातात जेमतेम चार दिवस आहेत, पुढे लगेच दिवाळीची सुट्टी आहे आणि व्यवस्थापनाने माझ्याकडे एकच आकडा मागितला आहे: दिवसाला किती तिकिटे विकायची? हा आकडा कसा काढावा, यासाठी जाणकारांची मदत हवी आहे.

मालकांचा हिशेब सरळ आहे. दिवाळीच्या दिवसात आमच्याकडे पूर्वी साडेतीन हजारांपर्यंत लोक येत. आता त्याच्या निम्मे, म्हणजे साडेसतराशे घेऊ. पंधरा एकरांत एवढी माणसे विरळच दिसतील, असे ते म्हणतात. विरळ दिसतील हे खरे आहे, पण पंधरा एकरांतल्या हिरवळीवर उभे राहण्यासाठी कोणी तिकीट काढत नाही. लोक उभे राहतात ते रांगेत, लॉकरपाशी, उपाहारगृहाच्या खिडकीवर आणि प्रसाधनगृहाच्या दारात. आणि माझा सगळा हिशेब तिथेच अडतो.

उदाहरण म्हणून आमचा लहान रोलर कोस्टर घेतो. गाडीत दहा ओळी, प्रत्येक ओळीत दोन आसने, म्हणजे वीस माणसे. फेरी दीड मिनिटाची, उतरणे, चढणे आणि सुरक्षा दांडे तपासणे यांना दोन मिनिटे. तासाला सतरा फेऱ्या, म्हणजे ३४० माणसे. आता एक ओळ सोडून एक बसवायची, तर गाडीत दहाच माणसे. त्यात प्रत्येक फेरीनंतर आसने आणि दांडे पुसायला दीड मिनिट धरले, तर फेरी पाच मिनिटांची होते. तासाला बारा फेऱ्या, १२० माणसे. निम्मी कुठली, जेमतेम एक-तृतीयांश झाली.

रांगेची शेड याहून अवघड आहे. लोखंडी कठड्यांच्या सहा पट्ट्या, प्रत्येक पंधरा मीटरची, अशी नव्वद मीटरची नागमोडी वाट आहे. पूर्वी त्यात १८० माणसे सहज मावत. दोन माणसांत सहा फूट ठेवले तर पन्नास मावतात. परंतु पट्टी तीनच फूट रुंद असल्यामुळे शेजारच्या पट्टीतला माणूस कठड्यापलीकडे खांद्याला खांदा लावूनच उभा असतो, म्हणून एक पट्टी सोडून एक बंद करावी लागते आणि संख्या पंचविसावर येते. उरलेले लोक कुठे उभे करायचे? शेडबाहेर ऑक्टोबरचे ऊन आहे, आणि परतीच्या पावसाची सर आली की जवळपासचे सगळे त्याच शेडमध्ये शिरणार.

या रीतीने चौदाही कोरड्या राइड धरल्या, तर तासाला सुमारे अकराशे फेऱ्या देता येतील. सात तासांत ७,७०० होतात. दिवसभराचे तिकीट काढणाऱ्याला निदान आठ राइड मिळाव्यात असे मानले, तर ९६० लोकांनाच तिकीट देता येते. साडेसतराशे घेतले, तर माणशी चार राइड पदरात पडतील आणि संध्याकाळी तिकीट खिडकीवर भांडणे होतील. उन्हाळ्यात आणि दिवाळीत अर्धी गर्दी पाण्याकडे असायची, ती सगळी या वेळी कोरड्या राइडवर येणार, हेही मालकांच्या हिशेबात नाही. त्यांची बाजूही मला कळते: हजाराच्या आत तिकिटे गेली, तर वीज, पगार आणि विमा यांचा खर्चसुद्धा निघत नाही.

आणखी एक गोष्ट. काल कर्मचाऱ्यांनाच पाहुणे करून आम्ही चाचणी घेतली. सुरक्षा दांडा बसला आहे की नाही, हे ऑपरेटरला प्रत्येक माणसाजवळ जाऊन, दांडा हाताने खाली दाबून आणि वर ओढून पाहावेच लागते. तिथे सहा फूट कुठून आणणार? तासाला १२० वेळा तो परक्या माणसाच्या हातभर अंतरावर वाकतो. या कामासाठी नेमलेला आमच्याकडचा तरुण कर्मचारी चाचणी संपल्यावर म्हणाला, "साहेब, सगळ्या उद्यानात अंतर आहे, फक्त मला नाही."

अशा परिस्थितीत आकडा कोणत्या आधारावर ठरवावा? आसने खरोखरच प्रत्येक फेरीनंतर पुसायला हवीत का? ऑपरेटरसाठी काय करता येईल?

फ्लोरिडाकर

मी ऑर्लँडोत राहतो. या व्यवसायात नाही, पण वार्षिक पास असल्यामुळे येथील डिस्ने वर्ल्डच्या पुनरारंभानंतर बऱ्याच वेळा जाऊन आलो आहे. ११ जुलै २०२० रोजी त्यातले मॅजिक किंग्डम हे उद्यान उघडले, तेव्हा मर्यादा क्षमतेच्या सुमारे २५ टक्के होती आणि नोव्हेंबरमध्ये ती ३५ टक्क्यांवर नेली गेली. पास असला तरी कोणत्या दिवशी कोणत्या उद्यानात जाणार, याची आगाऊ नोंदणी सक्तीची होती. आपला ९६० हा आकडा पूर्वीच्या गर्दीच्या साधारण २७ टक्के भरतो, म्हणजे आपण चुकीच्या वाटेवर नाही.

आपल्याला उपयोगी पडतील अशा दोन-तीन गोष्टी सांगतो. तेथे अंतर माणसामाणसांत नव्हते, कुटुंबाकुटुंबांत होते. एकत्र आलेले पाच जण एकाच खुणेवर थांबत आणि एकाच ओळीत किंवा लागोपाठच्या ओळींत बसत. शेजारच्या पट्ट्या बंद न करता कठड्यांवर पारदर्शक फलक उभे केले होते. जलद प्रवेशाची वेगळी मार्गिका बंद ठेवून ती जागाही रांगेला दिली होती. रांगा शेडबाहेर दूरवर गेलेल्या दिसत, पण अंतर असल्यामुळे त्यांत माणसे थोडीच असत आणि त्या भराभर पुढे सरकत. ही लांबी पाहून मागे फिरलेली माणसेही मी पाहिली आहेत, त्यामुळे रांगेच्या शेवटी "येथून सुमारे इतकी मिनिटे" अशी पाटी अवश्य लावा.

मास्कची युक्ती मात्र मला फार आवडली. राइडवर टिपलेल्या छायाचित्रात कोणी मास्क काढलेला दिसला, तर ते छायाचित्र मिळतच नसे. पहारेकऱ्यापेक्षा याचा धाक अधिक होता. चालता चालता खाणेपिणे उघडल्यानंतर थोड्याच दिवसांत बंद करण्यात आले, कारण हातात पेला धरून मास्क हनुवटीवर ठेवण्याची पळवाट लोकांनी शोधली होती. मास्क काढून बसण्यासाठी वेगळ्या, लांब लांब बाकांच्या जागा ठेवल्या होत्या. आतषबाजी आणि मोठ्या मिरवणुका बंद होत्या, कारण लोक एका जागी दाटतात ते याच कार्यक्रमांना. आपल्याकडे संध्याकाळचा नाच-गाण्याचा कार्यक्रम असेल, तर तो तूर्त ठेवू नये असे सुचवतो.

निवृत्त_यांत्रिक

तिकिटांआधी यंत्रांचे बोलू. एकोणीस महिने उभी असलेली राइड चार दिवसांत माणसांसाठी खुली करणार असाल, तर मला काळजी वाटते. ब्रेकचे अस्तर, हायड्रॉलिक तेल, बेअरिंगमधले ग्रीस, वेल्डिंगचे सांधे आणि उंदरांनी कुरतडलेल्या वायरी या सर्वांची लेखी तपासणी झाली असेल, असे मानतो. नसेल तर ज्या राइडची झाली आहे तेवढ्याच सुरू करा आणि ९६० मधून उरलेल्यांचा वाटा वजा करा.

आता एक ओळ सोडून बसवण्याविषयी. वाळूच्या पिशव्या ठेवून गाडी चालवून पाहिली आहे का? अर्धी रिकामी गाडी हलकी असते. चाके फार काळ उभी राहून जड झालेली असतील, तर सकाळच्या पहिल्या फेरीला ती चढ ओलांडण्याऐवजी मधल्या खोलगट भागात अडकू शकते. आकाशपाळण्यात तर तोलाचा प्रश्न आणखी थेट आहे. एकाआड एक पाळणा भरताना समोरासमोरची वजने जुळली पाहिजेत, नाहीतर मोटर आणि ब्रेक यांच्यावर एकांगी ताण येतो. कोणती आसने रिकामी ठेवायची, हे उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेल्या भारणीच्या तक्त्यावरून ठरवा, रंगाचा डबा घेतलेल्या माणसावर सोडू नका.

पुसण्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: प्रत्येक फेरीनंतर नको. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने या वर्षी एप्रिलमध्येच म्हटले आहे की, दूषित पृष्ठभागाला स्पर्श होऊन संसर्ग होण्याची शक्यता सर्वसाधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. शिवाय हायपोक्लोराइट हे जंतुनाशक दिवसातून शंभर वेळा फासले, तर बकलच्या पिना आणि स्प्रिंगा गंजतील आणि दांड्यांवरच्या फोमला चिरा पडतील. करोना टाळायला जाऊन सुरक्षा पट्टा निकामी करणे हा कसला व्यवहार? चढण्यापूर्वी प्रत्येकाच्या हातावर सॅनिटायझर द्या, तो वाळल्याशिवाय दांडा धरू देऊ नका, आणि आसने दर दोन तासांनी साबणाच्या पाण्याने पुसून कोरडी करा. आपले दीड मिनिट वाचले, की तासाला सतरा फेऱ्या परत मिळतात.

बारीतला

मी एका देवस्थानात दर्शनबारीचे नियोजन पाहतो. घटस्थापनेला, ७ ऑक्टोबरला राज्यातली मंदिरे उघडली, तेव्हा आपल्याला पडला आहे तोच प्रश्न आम्हाला होता. आम्ही दिवसाचा आकडा मोडून तासाचा केला. मुंबईच्या सिद्धिविनायकाला ॲपवरून तासाची वेळ घेऊन क्यूआर कोड दाखवावा लागत होता, त्याच धर्तीवर. दिवसाला ९६० म्हटले, की सातशे जण सकाळी अकराला फाटकावर हजर होतात. दहा, अकरा आणि बारा अशा प्रवेशाच्या वेळा तिकिटावरच छापा.

राइडसाठी टोकन देण्याचा मोह होईल, पण जपून. टोकन घेतलेला माणूस रांगेतून सुटतो, नाहीसा होत नाही. तो भजीच्या गाड्यापाशी उभा राहतो. आमच्याकडे बारी मोकळी झाली आणि प्रसादाच्या खिडकीवर रेटारेटी झाली. टोकन द्यायचेच असेल, तर त्या लोकांना बसण्यासाठी सावलीची जागा आधी मोजून ठेवा.

आणि अंतरासाठी जमिनीवर आखलेली खडूची वर्तुळे पहिल्या सरीत धुऊन जातात. ऑइल पेंट वापरा.

दोन_पोरांची_आई

एक ग्राहक म्हणून लिहिते. आमच्या मुलांना अजून लस उपलब्धच नाही, त्यामुळे राइड कमी मिळाल्या तरी चालेल, परंतु अनोळखी माणसाच्या शेजारी त्यांना बसवलेले चालणार नाही. हे तिकीट काढतानाच लिहून मिळाले, तर आमच्यासारखे लोक येतील. प्रसाधनगृहाबाहेरच्या रांगेचाही विचार करावा. लहान मूल तिथे सहा फुटांवर थांबत नाही.

चक्रपाळणा (२७ ऑक्टोबर २०२१)

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण मधले दिवस उद्यानातच गेले.

निवृत्त_यांत्रिक यांचे म्हणणे मी छापून मालकांपुढे ठेवले. चौदापैकी तीन राइडची तपासणी अपुरी होती, त्या बंद ठेवल्या. कोस्टरवर वाळूच्या पिशव्या ठेवून फेऱ्या घेतल्या आणि आपण वर्तवले तेच झाले: सकाळी साडेसातच्या पहिल्या दोन फेऱ्यांत गाडी दुसऱ्या चढावर इतकी मंदावली की आम्ही श्वास रोखून पाहत राहिलो. आता फाटक उघडण्यापूर्वी भरलेल्या पिशव्यांसह सहा फेऱ्या मारतो. प्रत्येक फेरीनंतरचे पुसणे थांबवले आणि कुटुंबाप्रमाणे बसवायला लागलो. चार-पाच जणांचे कुटुंब लागोपाठच्या दोन-तीन ओळींत बसते आणि मग एक ओळ रिकामी राहते. त्यामुळे गाडीत सरासरी तेरा-चौदा माणसे बसतात आणि तासाला सव्वादोनशेच्या आसपास लोक फेरी घेतात. एकट्याने किंवा दोघांनी आलेल्यांमुळे आसने वाया जातात, त्याला इलाज सापडलेला नाही.

ऑपरेटरसाठी उपाय अगदी साधा निघाला. तो आता समोरून न येता आसनाच्या मागून, डेकच्या, म्हणजे चढण्या-उतरण्याच्या फलाटाच्या, बाजूने हात घालून दांडा ओढून पाहतो. तोंडासमोर तोंड येत नाही. मास्कवर फेसशील्डही दिली होती, पण दुपारी तिच्यावर इतकी वाफ धरली की त्याने स्वतःच काढून ठेवली. दर तासाला माणूस बदलतो.

तिकिटांचा आकडा अकराशेवर ठरला, तोही तीन वेळांत वाटून. पहिल्या रविवारी ६४० लोक आले, त्यामुळे खरी परीक्षा झालीच नाही. दिवाळीच्या आठवड्यातील दोन दिवसांची नोंदणी मात्र आजच पूर्ण झाली आहे, आणि मालकांनी सकाळी "अजून दोनशे वाढवता येतील का" असे विचारले. मी त्यांना उपाहारगृहाच्या दारात दुपारी दीड वाजता पंधरा मिनिटे उभे राहण्याची विनंती केली आहे. निम्म्या खुर्च्या उचलल्यामुळे तिथे एका वेळी ८० जण बसतात. अकराशे लोकांना दीड ते तीन या वेळेत जेवायला कसे घालायचे, हा माझा पुढचा प्रश्न आहे. कोणी मंगल कार्यालय किंवा वसतिगृहाची खानावळ चालवत असेल, तर पंगती कशा लावता, हे कृपया लिहावे.

बारीतला

तिकिटावर प्रवेशाची वेळ छापलीच आहे, तिच्याच खाली जेवणाची वेळही छापा. दहाला आलेल्यांना साडेबारा, अकराला आलेल्यांना पावणेदोन, बाराला आलेल्यांना तीन. आमच्या अन्नछत्रात पंगत वीस मिनिटांत उठते, पण तिथे पदार्थ ठरलेले असतात. आपल्याकडे माणूस फलक वाचत खिडकीपुढे उभा राहतो, तिथेच वेळ जातो. त्या आठवड्यापुरती पुरीभाजी, पुलाव आणि वडापाव एवढेच ठेवा, आणि पैसे प्रवेशाच्या वेळीच घ्या.