मदत हवी आहे: आजोबांनी नातवाचं वय कमी सांगायला लावलं

मुलगा १२ वर्षं ४ महिन्यांचा. एसटीत ५ ते १२ वयाला अर्धं तिकीट, म्हणजे आता त्याचं पूर्ण लागतं. रविवारी गावाहून येताना सासरे म्हणाले, "एक हाफ." कंडक्टरने वय विचारलं, तर मुलाला म्हणाले, "सांग की, अकरा." त्याने माझ्याकडे बघितलं, मग खिडकीकडे तोंड करून "अकरा" म्हणाला. मी गप्प बसले. (पंचाहत्तरीपुढचे म्हणून सासरे स्वतः फुकट, माझं महिला सवलतीचं अर्धं. तरी!)

घरी मुलाला समजावलं, तर म्हणतो, "मग तू का नाही बोललीस?" नवऱ्याने विषय काढला, त्यावर सासरे म्हणाले, "सरकारी गाडी आहे, कुणाचं काय जातं?" माणूस एरवी चोख. वाण्याने चुकून जास्त दिलेले दहा रुपये परत करायला भर उन्हात गेले होते, आणि तेही मुलाने पाहिलंय.

दिवाळीत परत एकत्रच जायचंय, वेगळं जाणं शक्य नाही. चारचौघांत त्यांचा अपमान करायचा नाही, मुलाच्या मनातून त्यांना उतरवायचंही नाही. कुणावर अशी वेळ आली असेल तर सांगा, कंडक्टर समोर उभा असताना नेमकं काय बोलायचं? आणि रविवारच्या माझ्या गप्प बसण्याबद्दल मुलाला काय सांगू?