तिघं तीन गावांत: शब्द, चाल आणि संयोजन जुळवायचं कसं?

षड्जपंचम:
शब्द नाशिकहून येतात, चाल पुण्यात बांधली जाते, संगीत संयोजन परदेशात होतं. ताल दादरा (सहा मात्रांचा), स्वर काळी एक (पेटीवरची सप्तकातली पहिली काळी पट्टी). चालीवर लिहिलेले शब्द गाताना अडखळतात. गायलेला ट्रॅक संयोजकाच्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधल्या प्रोजेक्टमध्ये टाकला की अंतऱ्यापर्यंत ठेक्याच्या पुढे पळतो. आणि मुखड्यावर तिघांचा हात फिरलाय, तर श्रेय कसं लिहायचं?

मात्रामोजणी:
शब्दांचं सांगतो. चाल नुसती गुणगुणून पाठवू नका. हाताने ताल देत, दीर्घ जागी 'दा' आणि ऱ्हस्व जागी 'द' म्हणत गा, आणि सम (तालाची पहिली मात्रा) कुठल्या अक्षरावर पडते ते बोलून सांगा. दादऱ्यात मुखडा बऱ्याचदा समेच्या आधीच उचलला जातो. गीतकाराला ते कळलं नाही तर बिनमहत्त्वाचं अक्षर समेवर आदळतं.

मात्रांची बेरीज जुळली म्हणजे शब्द बसला असं नाही. 'नदी' आणि 'गाव' दोन्ही तीन मात्रांचे, पण एक लघु-गुरु, दुसरा गुरु-लघु. चाल पहिल्या स्वरावर रेंगाळत असेल तर 'नदी'चं 'नाऽदि' होतं. श्वासाची जागाही कळवा, नाहीतर 'पावसाळी' मधोमध तुटून पाव वेगळा आणि साळी वेगळी ऐकू येते. लांबवायच्या स्वरावर 'मन' नको, 'मना' चालेल, कारण 'मन'च्या शेवटी लांबवायला स्वरच नाही. तार षड्जावर (वरच्या 'सा'वर) 'ई'-'ऊ'पेक्षा 'आ' मोकळा लागतो.

आधी मुखडा आणि एकच अंतरा पक्का करा. दुसरा अंतरा त्याच वजनावर नंतर लिहा, म्हणजे चाल बदलली तरी सगळं पुन्हा लिहावं लागत नाही.

ठेका६:
ट्रॅक पळतो तेव्हा सूरही चढतो का, ते आधी तपासा. चढत असेल तर सॅम्पल रेटचा (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले, त्याचा) घोळ आहे: 44.1 किलोहर्ट्‌झची फाईल 48 च्या प्रोजेक्टमध्ये रूपांतर न होता शिरली आहे. लय सुमारे 9 टक्क्यांनी वाढते आणि काळी एकचा गळा पांढरी दोन व काळी दोन यांच्या मधे कुठेतरी जातो. सूर जागेवर असून फक्त लय पुढे जात असेल, तर क्लिकशिवाय (कानातल्या टिकटिक ठोक्याशिवाय) गायलं गेलंय.

लय लिहिताना मात्रेची की आवर्तनार्धाची (अर्ध्या दादऱ्याची) ते स्पष्ट करा. मिनिटाला 180 मात्रा म्हणजे तीन-तीनच्या गटाने 60; या एका आकड्यावरून बराच गोंधळ होतो.

पेटी ट्यूनरवर तपासा. 440 च्या हिशोबाने (पांढरी सहा 440 धरून) मध्य सप्तकातली काळी एक 277.2 हर्ट्‌झ येते. जुन्या पेट्या बऱ्याचदा तिथे नसतात. फरक असेल तर तो सेंटमध्ये (लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) संयोजकाला कळवा आणि कीबोर्डच पेटीला जुळवून घ्या. गायलेला गळा सॉफ्टवेअरने वर-खाली खेचू नका, आवाजाचा पोत बिघडतो.

फाईली 24 बिट वेव्हमध्ये, इफेक्टशिवाय. बासरी फक्त अंतऱ्यात असली तरी तिचीही फाईल पहिल्या बारपासूनच (गाण्याच्या अगदी सुरुवातीपासून) काढा. एमपी3 ऐकण्यापुरती ठीक. तिच्या सुरुवातीला थोडी शांतता घुसते आणि ट्रॅक सरकतो.

हक्कनोंद:
1957 च्या कॉपीराइट कायद्यात शब्द ही साहित्यकृती, चाल ही संगीतकृती आणि ध्वनिमुद्रण तिसरं. म्हणून गीतकार आणि संगीतकाराचं श्रेय वेगळंच लिहा. संयोजकाने सुरुवातीचा किंवा मधला वाद्यतुकडा स्वतः बांधला असेल तर चालीत त्याचा वाटा किती, हे रेकॉर्डिंगच्या आधी ठरवा. एका कागदावर तिघांची नावं, काय केलं, टक्के (शब्दांचे 100 वेगळे, चालीचे 100 वेगळे), तारीख, सह्या. माझ्या मते एखादा शब्द सुचवला म्हणून वाटा मागू नये. अख्खी ओळ दिली असेल तर जरूर मागावा.

पुढे कंपनीला हक्क लिहून देताना मुदत आणि प्रदेश लिहायला विसरू नका. मुदत नसेल तर 5 वर्षं आणि प्रदेश नसेल तर भारत, असं कायदा धरतो.

षड्जपंचम:
सूर चढलेलाच आहे. संयोजकाने मग ट्रॅक ताणून ठेक्यात बसवला होता.

ठेका६:
मग ताणलेली फाईल टाकून द्या. मूळ 44.1 चीच फाईल रूपांतर चालू ठेवून पुन्हा आत घ्या, आणि जुळतंय का ते दुसऱ्या अंतऱ्याच्या समेवर तपासा.