बाळाचा बाप्तिस्मा आत्ता करावा की त्याला कळेपर्यंत थांबावं?

नगरची_लेक

सर्वांना जय ख्रिस्त. आमची लेक चार महिन्यांची झाली आणि घरात अबोला सुरू झालाय.

मी नगरची, सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीत वाढलेली. तीन महिन्यांची असताना डोक्यावर पाणी शिंपडून माझा बाप्तिस्मा झाला, पुढे शाळेत असताना दृढीकरण, म्हणजे विश्वासाची स्वतःच्या तोंडाने कबुली. नवरा चिंचवडच्या एका स्वतंत्र मंडळीतला. त्यांच्याकडे बाळाला फक्त प्रार्थना करून देवाला अर्पण करतात. बाप्तिस्मा पुढे, मूल स्वतः विश्वास ठेवेल तेव्हा, आणि तोही पूर्ण बुडवून. लग्नाआधी पत्रिका, हॉल, मटण की चिकन, सगळ्यावर बोलणं झालं. हे तेवढं राहून गेलं.

आईचा रोज फोन, "तारीख काढली का गं?" तिने पांढरा फ्रॉक शिवून ठेवलाय. सासूबाई बिचाऱ्या काहीच बोलत नाहीत. पण परवा प्रार्थनेला आलेले एक गृहस्थ माझ्यासमोर म्हणाले, "शिंपडलेलं पाणी वाळून जातं, ताई. तुमचा स्वतःचाच अजून झालेला नाही."

तेव्हापासून तेच डोक्यात फिरतंय. एकतिसाव्या वर्षी कुणीतरी येऊन सांगावं की तुझं झालंच नाही! प्रश्न बाळाचा होता, तो माझाच होऊन बसला. मला त्यातलं काहीच आठवत नाही, हे तर खरंच आहे. मग बाप्तिस्म्याने नेमकं होतं काय? आणि ते आठवावं लागतं का?

मावळचा_गडी

ताई, त्या गृहस्थांचं बोलणं चुकलंच. पण तुमच्या मिस्टरांची बाजू कुणीतरी मांडायला हवी, म्हणून लिहितो.

मी एकोणीस वर्षांचा असताना मावळात एका शेततळ्यात बाप्तिस्मा घेतला. जानेवारी महिना, सकाळचे सात. शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद किती घसरडा असतो ते शेतकऱ्याला विचारा. पाळक कमरेला दोर बांधून उतरले होते, दोराचं दुसरं टोक काठावर दोघांनी धरलेलं. माझा पाय सटकला आणि पाळकांनी बुडवायच्या आधीच मी एकदा बुडलो. काठावरचे सगळे हसले, मग बाप्तिस्मा झाला.

पण खाली गेलो त्या क्षणी कान बंद झाले आणि गाण्याचा आवाज तुटला. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात ख्रिस्ताबरोबर पुरले जाण्याविषयी लिहिलंय, ते मी तोवर दहा वेळा वाचलेलं होतं. त्या दिवशी अंगाला कळलं. वर आल्यावर हुडहुडी भरली होती, कुणीतरी घोंगडी टाकली. नंतरच्या दोन-तीन वर्षांत मी बराच भरकटलो, पण ती घोंगडी विसरता आली नाही. तुमच्या लेकीला हे स्वतःचं म्हणून मिळावं, एवढंच तुमचे मिस्टर म्हणत असतील.

निवृत्त_पाळक_श्रीरामपूर

मुली, मावळच्या भावाने छान लिहिलंय. आता म्हाताऱ्याचं ऐक. माझं वय 79, त्यामुळे जरा लांबेल.

आधी नियमाचं बोलू. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सीएनआय झाली तेव्हा सहा परंपरा एकत्र आल्या, त्यांत बाळांना बाप्तिस्मा देणारे होते आणि फक्त कळत्या वयात देणारे बॅप्टिस्टही होते. म्हणून आपल्या मंडळीत दोन्ही वाटा मान्य आहेत. आईबापांनी ठरवायचं. थांबलात तर कुणी तुम्हाला कमी लेखायचं कारण नाही. मात्र एकदा झालेला बाप्तिस्मा पुन्हा करत नाहीत. तेव्हा "तुमचा झालाच नाही" हे त्या गृहस्थांचं मत आहे. ते मनाला लावून घेऊ नकोस.

हे भांडण तुमच्या घरात सुरू झालेलं नाही. 1525 च्या जानेवारीत झुरिकमध्ये काही लोकांनी, बाळपणी झालेला मोजायचा नाही असं ठरवून, मोठेपणी एकमेकांना बाप्तिस्मा दिला. दोनच वर्षांत त्यांच्यातल्या फेलिक्स मांट्झला लिमात नदीत बुडवून मारलं. मारणारे कोण, तर बाळांना बाप्तिस्मा देणारे, म्हणजे आमच्याच बाजूचे. तेव्हापासून मी शिंपडण्याची बाजू मांडताना आवाज चढवत नाही. फिलिप्पैच्या तुरुंगाच्या अधिकाऱ्याने घरच्या सर्वांसह बाप्तिस्मा घेतला, असं बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत आहे. त्या घरात पाळण्यातलं मूल होतं असं लिहिलेलं नाही, नव्हतं असंही नाही. दोन्हीकडचे तीच ओळ पुढे करतात.

आता पाण्याचं. 1972 चा दुष्काळ. मी नवा पाळक, सायकलवरून चार गावं बघायचो. एका गावात सात माणसांचं कुटुंब बाप्तिस्म्याला तयार होतं, आणि विहीर कोरडी. पिण्याचं पाणी चार कोसांवरून बैलगाडीने पिंपात यायचं. घरच्या आजीने एक तांब्या भरून आणला. म्हणाली, "एवढ्यात बसवा." सातही जणांचं त्या तांब्यात झालं. उरलेलं पाणी मी अदबीने झाडाला घालणार, तोच आजीने तांब्या माझ्या हातातून घेतला आणि गाभण शेळीपुढे धरला. मला धक्का बसला, नव्या पाळकाला बसतोच. पुढे कळलं की हा पेच फार जुना आहे. पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या दिदाखे नावाच्या लिखाणात सांगितलंय की वाहतं पाणी घ्या, नसेल तर दुसरं, थंड जमत नसेल तर कोमट, आणि काहीच पुरेसं नसेल तर तीन वेळा डोक्यावर ओता. म्हणजे दुष्काळाचा विचार त्यांनीही केला होता!

आणि आठवण्याचं म्हणशील, तर पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला झाला. वय पंचवीस, संस्कृतच्या पंडित, स्वतः विचार करून घेतलेला. पुढे त्यांनीच लिहिलं की ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण खुद्द ख्रिस्त सापडायला आणखी आठ वर्षं गेली. एवढ्या जाणत्या बाईचा बाप्तिस्मा तिच्या कळण्याच्या आठ वर्षं पुढे होता. तुझा पंधरा वर्षं पुढे असला तर बिघडलं काय? रमाबाईंनी परत बाप्तिस्मा घेतला नाही. त्याच पाण्यात उभं राहून त्या पुढे गेल्या.

एक राहिलं. बाळाच्या बाप्तिस्म्याला आम्ही बाळाला काहीच विचारत नाही. विचारतो आईबापांना, आणि नंतर सगळ्या मंडळीला उभं करून विचारतो की या लेकराला विश्वासात वाढवायला तुम्ही हातभार लावाल का. लोक "होय" म्हणतात आणि जेवायला जातात. खरी पंचाईत तिथे आहे.

वसईची_सिस्टर (नन नव्हे, नर्स!)

आम्ही कॅथलिक, आमच्याकडे हा वादच नाही. पण आठवण्यावरून एक सांगते.

मी एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात काम करायचे. एकदा रात्री अडीचच्या सुमारास एका बाळाची अवस्था फार बिघडली, वजन जेमतेम अकराशे ग्रॅम. आईबाप कॅथलिक, फादरना यायला तास तरी लागणार. जिवाला धोका असेल तर बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतो, बिगर-ख्रिस्ती माणूससुद्धा, हेतू चर्चचा असला की झालं. बाप हात धुऊन आत आला, पण त्याचा हात इतका थरथरत होता की त्यानेच मला खुणावलं. काचेच्या पेटीच्या खिडकीतून हात घातला. सिरिंजमध्ये कोमट निर्जंतुक पाणी. पाणी कातडीवरून ओघळायला हवं, पण बाळ गारठायला नको, म्हणून तीनदा थेंब-थेंब कपाळावर सोडलं आणि लगेच कापसाने टिपलं. "मी तुला पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देते." मागे मॉनिटरचा टिंग टिंग आवाज.

बाळ जगलं. पुढे चर्चमध्ये तेल लावलं, पांढरा कपडा घातला, मेणबत्ती दिली, पण पाणी पुन्हा ओतलं नाही. रजिस्टरला आमच्या त्या रात्रीचीच तारीख आहे.

त्याला काय आठवणार? मला आठवतं.

अजून_उंबऱ्यावर

मी गेली अकरा वर्षं दर रविवारी उपासनेला जातो आणि माझा बाप्तिस्मा झालेला नाही. कारण सरळ आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती झालं की अनुसूचित जातीचा दाखला राहत नाही. धाकट्या बहिणीचं शिक्षण चालू आहे, घरच्यांना भीती वाटते. प्रभुभोजनाची, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीतल्या भाकरीची ताटली पुढे येते तेव्हा बाप्तिस्मा नाही म्हणून मी ती पुढच्याला देतो.

कवी ना. वा. टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये. एकाच घरात मधे पाच वर्षं गेली. म्हणजे ताई, तुमचा अबोला तर आत्ताचा, त्यात एवढं काही नाही. आणि त्याच टिळकांनी 1917 मध्ये साताऱ्याला "देवाचा दरबार" काढला तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही ख्रिस्तभक्तांसाठी. मला तो आधार वाटतो. तरी खरं सांगतो, पुरत नाही. तुम्ही लोक किती पाणी यावर बोलताय. मला तांब्यातलं चाललं असतं.

नगरची_लेक

सगळं नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. शेततळ्यावर हसला, शेवटच्या दादांच्या उत्तरानंतर बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "मंडळीला उभं करून विचारतात, हे मला माहीत नव्हतं." अजून ठरलेलं नाही. पण येत्या रविवारी दोघं मिळून नगरला जातोय, पाळकांशी बोलायला. सासूबाई येऊ का विचारत होत्या.

रात्री आईला माझ्या बाप्तिस्म्याचं विचारलं. म्हणाली, पितळी वाटी होती, पाणी गार होतं, तू पाळकांचा चष्मा ओढलास, आणि पप्पांनी तो वेदीच्या पायरीवरून उचलून दिला. पप्पा जाऊन सहा वर्षं झाली. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

फ्रॉक मात्र आईने तीन महिन्यांच्या मापाचा शिवलाय. लेक आत्ताच साडेसात किलोची आहे, दोन्ही बाजूंची शिवण उसवावी लागणार.