ऊ, उवा, लीख, गोचीड: नक्की कशाला काय म्हणायचं?

खानापूरकर: आमच्या गल्लीत म्हशीच्या कानात चिकटलेल्या त्या करड्या टपोऱ्या किड्याला पण बरेच जण उवाच म्हणतात, शेजारचे कन्नडवाले उण्णी म्हणतात, मग ही ऊ का गोचीड? आणि एकच असली तर ‘एक उवा’ म्हणलं तर चालतंय काय?

निपाणीकर: गोचीड की ती. रक्त पिऊन फुगली की एरंडाच्या बीसारखी दिसते, ओढून काढली तर तोंड कातडीतच अडकतं. पाय मोजा, मोठ्या गोचिडीला आठ, उवेला सहा. तुमचे शेजारी बरोबर बोलतात, कन्नडात गोचीड म्हणजे उण्णी, ऊ म्हणजे हेनु आणि लीख म्हणजे सीरु.
आता ‘एक उवा’. शब्द स्त्रीलिंगी, एक ऊ, दोन उवा, उवेला, उवांना. पण एका अक्षराचा शब्द तोंडात बसत नाही म्हणून सगळेच उवा म्हणतात, बोलताना चालू दे की, लिहिताना नको.

बेळगावकर: म्हशीला ऊ पण होते हां, थंडीत जास्त, ती रक्त पिते. कोंबडीची ऊ वेगळी, ती पिसं आणि कातडीचा कोंडा खाते. कोंबडी धरली की हातावर चढतात पण माणसाच्या डोक्यात राहत नाहीत, तेव्हा पोरीच्या डोक्यात उवा झाल्या की कोंबड्यांना शिव्या घालू नका, त्या डोक्याला डोकं लागून येतात. उडी पण मारत नाहीत, उडी मारते ती पिसू. आणि लिखा नुसत्या धुऊन जात नाहीत, केसाला मुळाशी डिंकानं चिकटवल्यागत बसतात, बारीक दातांची फणीच पाहिजे.

खानापूरकर: बरं, मग गोचीड माणसाला चावत नाही ना?

निपाणीकर: चावते की! माकडताप तिच्यामुळंच होतो, कन्नडात मंगन कायिले म्हणतात बघा. १९५७ साली शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा सापडला. जंगलातली गोचिडीची पिल्लं इतकी बारीक असतात की ऊ वाटून सोडून देतात लोक. लाकडं आणायला रानात जाऊन आल्यावर ताप आला तर डॉक्टरला ‘काहीतरी उवा चावल्या’ म्हणून सांगू नका, गोचीड म्हणा नाहीतर उण्णी म्हणा, दोन्ही समजतं इथं.