राखेचा माल वाहतो तो पाण्यामुळे नाही

काही जण म्हणतात की राखमिश्रित सिमेंटचा कालवलेला माल पातळ दिसतो, म्हणजे ते भेसळीचं. मला हे अजिबात पटत नाही. भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्रातून निघते तशी राख चिमटीत चोळून बघा, टाल्कम पावडरीसारखी सरकते. तिचे बहुतेक कण गोल. सिमेंटचे दळलेले, कोनदार. म्हणून तेवढ्याच पाण्यात माल जास्त वाहतो. खरं तर पाणी कमी करायला हवं. पीपीसीत, म्हणजे राख मिसळूनच विकल्या जाणाऱ्या पोर्टलँड पोझोलाना सिमेंटात, १५ ते ३५ टक्के राख मानकातच बसते, भेसळ कसली? सिमेंटात मिसळायची सगळी पूरकं मात्र राखेसारखी नसतात. सिलिका फ्यूम, म्हणजे सिलिकॉनच्या भट्ट्यांतून मिळणारी भुकटी, इतकी बारीक की पाणी धरून ठेवते, भाजलेली चिकणमातीही माल घट्ट करते.

आणि घमेल्यातला माल दहा-पंधरा मिनिटांत थिजल्यासारखा दिसला की लगेच पाणी ओतू नका. आधी फावड्यानं परता. स्थिर राहिलं की कण एकमेकांना धरतात, हलवलं की सुटतात, माल बराचसा सैल होतो. जळगावच्या मे महिन्यात मात्र पाणी उडतं आणि सिमेंटही लवकर धरतं. तिथे काम पहाटे उरका, खडी भिजवून सावलीत ठेवा. माझ्या चुलत भावाच्या स्लॅबला मिस्त्रीनं भरदुपारी दोन बादल्या वाढवल्या होत्या. पहिल्याच पावसात छत पाझरलं.